ती झोपणार कुठे

नम्रताने वाकून पहिल्या पायरीवर वीत टेकवली, वर चार बोटं ठेवली आणि मान हलवली. दुसऱ्या पायरीवर तेच केलं. तिसरी तर वीत आणि पाच बोटं निघाली. चिरे बसवणाऱ्याला त्या दिवशी जेवायची घाई झालेली असावी.

"काय मापतेस गो बाय?" पडवीतून तुळसाबाईंनी विचारलं. "पायऱ्या काय आता बदलायच्या नाय."

"फळी टाकावी लागेल, काकी. उतरती. हिला पायऱ्या चढू-उतरू द्यायचं नाही. पाठ लांब आहे ना, मणका जातो."

"कोणाचा?"

"कुत्रीचा."

तुळसाबाई त्रेपन्न वर्षं ह्याच पायऱ्या चढत-उतरत होत्या, त्यातली बरीचशी डोक्यावर हंडा घेऊन. मणक्याबद्दल कोणी काही बोललेलं त्यांना आठवत नव्हतं. पण पोरगी शहरातून आलेली, गाडी घेऊन आलेली, आणि तोंडाने बरी वाटत होती. त्यांनी पाट पुढे सरकवला आणि "बस आधी," म्हणाल्या.

घर रत्नागिरीजवळच्या पालीपासून तीन किलोमीटर आत होतं. डांबरी रस्ता संपला की गाडी लावायची आणि पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरत खाली वाडीत यायचं. कोकोला नम्रताने काखोटीला मारून खाली आणलं होतं. कोको म्हणजे डॅशहाउंड, पाच वर्षांची, तपकिरी. लांबीला भरपूर आणि उंचीला जवळपास काहीच नाही. आधीची माणसं लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत होती, नवरा-बायको दोघंही शिफ्टवाले. दिवसाचे दहा-दहा तास ती बंद फ्लॅटमध्ये एकटी भुंकत बसायची आणि सोसायटीवाले तक्रारी करायचे. मग त्यांची बदली गुजरातला झाली आणि कोको नम्रताकडे आली.

नम्रताकडे अशी कुत्री येत. रत्नागिरीत एका जनावरांच्या डॉक्टरांकडे तिने दहा वर्षं काम केलं होतं. तिथे बसून तिच्या एक लक्षात आलं, की निम्मी कुत्री आजारी नसतात, चुकीच्या घरात पडलेली असतात. पग घेतात ते चढावर राहणारे, आणि मग दम लागतो म्हणून डॉक्टरकडे आणतात. शी त्झू घेतात ते, ज्यांना स्वतःचे केस विंचरायला सवड नसते. हस्की मागणारे तर दर उन्हाळ्यात दोन-तीन असायचे. त्यांना ती सरळ विचारायची, "फ्रिजमध्ये ठेवणार का?" नोकरी सोडल्यावर तिने हेच काम धरलं. नको झालेली छोटी कुत्री घ्यायची, त्यांना घर बघायचं आणि घर नीट बघितल्याशिवाय द्यायचं नाही. कोणी नुसत्या फोनवर कुत्रा मागितला, की तिचा आवाज चढायचा.

तुळसाबाईंसाठी फोन केला होता त्यांच्या मुलाने, हर्षदने. तो तेलाच्या बोटीवर फिटर होता, आणि फोन आला तेव्हा कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून होता. त्याला जर्मन शेफर्ड हवा होता.

"आई किती वर्षांच्या?" नम्रताने विचारलं होतं.

"एकाहत्तर."

"मग तुमचा शेफर्ड त्यांना फरफटत विहिरीपर्यंत नेईल. चोर पकडायचाय, की आईला सोबत हवीय?"

मग हर्षदने सांगितलं. श्रावणात आई विहिरीपाशी घसरून पडली. दोन तास पडून होती. हाका मारून घसा बसला, पण पावसात कोणाला ऐकू गेलं नाही. शेवटी चुलतकाका गुरं शोधत आला म्हणून वाचली. बायको आणि लहान सानवी पनवेलला, तो स्वतः पाण्यावर. त्याने आईला निक्षून सांगितलं होतं, एक तर घरात कोणीतरी हवं, नाही तर जानेवारीत मी उतरलो की घराला कुलूप लावून तुला पनवेलला नेणार.

डॅशहाउंडचं नाव नम्रताने तिथल्या तिथे घेतलं होतं. अंगाने छोटी, पण आवाज तीनपट मोठ्या कुत्र्याचा. एकाच माणसाला धरून राहणारी. ते माणूस पडलं तर वाडी डोक्यावर घेईल, आणि ओढून पाडण्याइतकं वजन मात्र तिच्यात नाही.

आता ती डॅशहाउंड खळ्यात तुळशीवृंदावनाभोवती नाक लावून फिरत होती. शेजारचे गंगाराम तिला बघायलाच आले होते. ते तुळसाबाईंचे चुलत दीर, श्रावणात गुरं शोधत आलेले तेच. पडवीच्या खांबाला टेकून ते म्हणाले,

"हिचे पाय कोणी छाटले?"

"जन्मताच असे असतात."

"आणि हीच राखण करणार वैनीची?"

"भावजी, तुम्ही बसा बघू गप," तुळसाबाई म्हणाल्या. "विचार गो बाय तुला काय विचारायचं ते."

नम्रताने कागद काढला. दोन्ही बाजूंनी छापलेला, बावीस प्रश्नांचा. दिवसभर घरात कोण असतं, खायला काय घालणार, विहिरीला कठडा आहे का, साप निघतात का. तुळसाबाई पटापट उत्तरं देत होत्या. खायला आपण खातो तेच, बिनतिखटाचं. कठडा हर्षदने श्रावणानंतर बांधून घेतला. साप निघतात, पण ते त्यांच्या वाटेने जातात. नम्रता लिहीत गेली. मनातून तिला घर पसंत पडलं होतं. बाईला दिवसभर बोलायला कोणी नव्हतं आणि कुत्रीला दिवसभर ऐकायला कोणी नव्हतं.

कोको पायऱ्यांशी येऊन ताटकळली. नम्रताने तिला उचलून वर घेतलं. ती दोन-तीनदा शिंकली, पडवीची लांबी चालून आली आणि तुळसाबाईंच्या लुगड्याचा घोळ नाकाने वर करून त्याच्याखाली शिरली. बाहेर फक्त शेपटी राहिली.

"अगो बाय माझे!" तुळसाबाई दचकल्या, पण उठल्या नाहीत. पाय होता तसाच ठेवून बसल्या.

"ही जात अशीच. ह्यांना पांघरुणात शिरून झोपायला लागतं. माणसाला चिकटून." नम्रताने कागद उलटला. "रात्री कुठे झोपणार ही?"

"ही काय, पडवीत. गोणपाट टाकीन. थंडीत वर वाकळ घालीन."

"आत नाही?"

तुळसाबाईंनी गंगारामांकडे बघितलं. मग दोघंही हसले.

"आत? कुत्रं?"

"आत नाय चालत, मॅडम," गंगाराम म्हणाले. "शिमग्याला गावच्या देवाची पालखी ह्या घरात बसते. फिरते सगळ्या घरांत, पण मुक्काम इथे. मानाचं घर हाय. उंबऱ्याच्या आत कुत्रं नाय येत."

"मुक्काम किती दिवस असतो?"

"एक रात्र."

"आणि बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस?"

"बाकीचे दिवस ती येणार असते."

तेवढ्यात माजघरातून एक मांजर आलं, उंबऱ्यावर बसलं आणि पाय चाटू लागलं. नम्रताने नुसतं बोट दाखवलं.

"मांजराचं वेगळं," गंगाराम म्हणाले.

"काय वेगळं?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मांजर कोणाचं ऐकत नाय."

नम्रता हसली नाही. पेनाला टोपण लावून तिने विचारलं, "वाघ येतो इथे?" बिबट्या म्हटलं असतं तरी कळलं असतं, पण गावात कोणी तसं म्हणत नाही.

"येतो की. भावजींचा काळ्या कुत्रा नेलान गणपतीच्या आदल्या दिवशी."

"हिच्या चौपट होता," गंगाराम म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज जरा उतरला.

मग नम्रताने लोणीची गोष्ट सांगितली. ती कोणाला सहसा सांगत नसे. लोणी म्हणजे पांढरी पामेरियन, दोन वर्षांची. मागच्या वर्षी संगमेश्वराकडच्या एका घरी दिली होती. घर चांगलं, माणसं चांगली, आत झोपवू म्हणाले, शपथेवर म्हणाले. महिन्याभराने पाहुणे आले, घरात गर्दी झाली, आणि एका रात्रीपुरती तिला पडवीतल्या खांबाला बांधली. सकाळी खांबाला साखळी होती. पट्टा अर्धा होता. त्या लोकांनी फोन करून आधी वाईट वाटलं म्हणून सांगितलं आणि मग तशीच दुसरी मिळेल का म्हणून विचारलं. त्या दिवसापासून नम्रताने कानाला खडा लावला होता. लोणीला त्या घरी स्वतः नेऊन सोडलं होतं तिनेच. गाडीमागे धावू नये म्हणून दारही तिनेच ओढून घेतलं होतं.

"बाहेर झोपणार असेल तर मी देत नाही, काकी."

"म्हणजे देत नाय?"

"नाही."

तुळसाबाईंनी लुगड्यातून बाहेर राहिलेल्या शेपटीकडे बघितलं.

"मी खोटं बोलले असते तर दिली असतीस."

"हो."

"बोलतात लोकं?"

"बोलतात."

"पालखीच्या घरात कसं बोलू," तुळसाबाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. मग म्हणाल्या, "मला पनवेलला न्यायचंय हर्षदला. चौथा माळा. गेलेले गेल्या वर्षी पंधरा दिवस. सून चांगली हाय, नात गोड हाय, सगळं हाय. पण सकाळी उठून मी करू काय? खिडकीतून दुसऱ्याच्या खिडकीत बघू? इथे माझी चार झाडं हायत, विहीर हाय. पडले एकदा, म्हणून काय सारखी पडणार हाय?"

"तसं त्याला सांगा ना."

"सांगितलं. बोलतो, त्या दोन तासांत तुझं काय झालं असतं?" त्यांनी हात उडवला. "आता त्याला मी काय सांगू?"

नम्रताने कोकोला लुगड्याखालून काढून घेतलं. कोकोने अंग ढिलं सोडलं, जड केलं, ह्या जातीच्या कुत्र्यांना न येण्याचं तेवढं एक तंत्र येतं. पाखाडी चढताना नम्रताला दम लागला. वळून बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तरी वळून बघितलं. तुळसाबाई खळ्यात येऊन उभ्या होत्या आणि गंगाराम त्यांना काहीतरी समजावत होते.

हर्षदचा फोन दुसऱ्याच दिवशी आला.

"मॅडम, तुम्ही कुत्री आत झोपते असं लिहा. आईला मी बघतो."

"काय बघता?"

"समजावतो हळूहळू."

"तुम्ही समजावेपर्यंत वाघ थांबेल का?"

तो म्हणाला, त्याने लहानपणापासून बघितलंय, आई कोणाशी भांडत नाही, पण उंबऱ्याचं म्हणाल तर ती देवाचंही ऐकणार नाही. आवाजात राग नव्हता, दमणूक होती. ती ऐकून नम्रताला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल स्वतःचा राग आला. रत्नागिरीतल्या नाचणे रोडवरचं एक जोडपं कोकोसाठी तयारच होतं. बँकेतली माणसं, तळमजला, गच्च जाळ्या, बावीसच्या बावीस प्रश्नांना बिनचूक उत्तरं. नम्रताने त्यांना पुढच्या रविवारी या म्हणून सांगितलं. रविवार आला तेव्हा कोकोचं पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. तिचं पोट उत्तम होतं.

सोळाव्या दिवशी सकाळी तुळसाबाईंचा फोन आला. त्यांना फोनवर बोलणं जमत नसे. ओरडून बोलायच्या.

"ये. बघून जा."

"आत घेणार का काकी?"

"ये तू," आणि फोन बंद.

फेऱ्या मारण्यात अर्थ नाही असं मनाशी घोकत नम्रता गेली. कोकोलाही नेलं. का नेलं, हे तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

खळ्यात आल्यावर तिला आधी फळी दिसली. तिन्ही पायऱ्यांवर उतरती फळी टाकलेली, पाय घसरू नये म्हणून वर गोणपाट ठोकलेलं. मग तिने मान वर केली. पडवीला या टोकापासून त्या टोकापर्यंत गज बसले होते. पालीच्या वेल्डिंगवाल्याने नवे करून दिलेले, अजून लाल रंगाचा वास येत होता. मधे दार, दाराला आतून कडी. आणि पडवीच्या उगवतीकडच्या कोपऱ्यात एक खाट होती. खाटेवर गादी, उशी, दोन वाकळी. वर मच्छरदाणी बांधलेली. उशाशी स्टुलावर गोळ्यांचा डबा, पाण्याचा तांब्या, बॅटरी आणि चार्जरला लावलेला फोन.

तुळसाबाई उंबऱ्याकडे पाठ करून सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"ही खाट कोणाची?" नम्रताने विचारलं.

"माझी."

"तुम्ही बाहेर झोपता?"

"उंबऱ्याच्या आत तिने यायचं नाय, असं हाय," तुळसाबाई म्हणाल्या. "मी बाहेर यायचं नाय, असं कोणी बोललं नाय. भावजींना विचारलं. ते पुजाऱ्यांना विचारून आले. चालतं."

नम्रता गजांपाशी गेली. दोन गजांमधून मूठ घालून बघितली. जात नव्हती. दार ओढून बघितलं, कडी लावली, काढली, पुन्हा लावली. वर कौलांकडे बघितलं, तर कौलांखालीसुद्धा जाळी मारलेली होती.

"वरून येतो तो," तुळसाबाई म्हणाल्या. "माहीत हाय मला."

"कधीपासून झोपताय इथे?"

"आठ दिवस झाले. आधी बघितलं जमतं काय. नायतर तुला फुकटचा हेलपाटा."

"थंडी वाजत नाही?"

"वाकळी कशाला हायत?"

"आणि पावसाळ्यात? झड येईल."

"झावळ्यांचे झाप लावू त्या बाजूला. पूर्वी लावायचो."

"पण काकी, तुमचं वय—"

"तुझ्या त्या कागदात माझं वय विचारलंय? कुत्रीचं काय विचारायचं ते विचार."

नम्रता हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं. तिने कोकोला सोडलं. कोको फळीवरून एकदा खाली गेली, एकदा वर आली, खाटेशी जाऊन पुढचे पाय तिच्यावर टेकून उभी राहिली आणि मोठ्याने भुंकली. वाडीतल्या दोन कोंबड्या उडाल्या. तुळसाबाईंनी तिला धरून वर घेतलं, तशी ती वाकळीत शिरली. आत गोल फिरल्याचं वरून दिसलं, मग उंचवटा एका जागी थांबला.

नम्रता पाटावर बसून कागद भरू लागली. कुठे झोपणार, ह्यापुढे तिने लिहिलं, बंद पडवीत, मालकिणीसोबत, खाटेवर. लिहिता लिहिता सहज विचारलं,

"झोप लागते का पण तुम्हाला इथे? इतकी वर्षं आत झोपायची सवय."

"बाहेरची पण हाय."

"बाहेरची?"

तुळसाबाईंनी सुपातला एक खडा उचलून गजांबाहेर टाकला.

"महिन्याचे चार दिवस. शिवायचं नसायचं ना तेव्हा. दुसऱ्यांकडे मागच्या दारी तरी आडोसा असायचा. आमचं पालखीचं घर, मागे देवाची खोली. मग पुढे झोपायचं. ह्याच कोपऱ्यात, खाली गोणपाट टाकून. लग्न झालं तेव्हापासून बंद होईपर्यंत. तीस वर्सं धर."

नम्रताचं पेन थांबलं.

"गज होते तेव्हा?"

"कुठले गज. उघडंच."

"आणि वाघ?"

"वाघ काय आजचा हाय?" तुळसाबाई म्हणाल्या. सूप पाखडून त्यांनी कोंडा एका बाजूला केला. "पहिल्याच वर्सी आलेला. तिथे बघ, तुळशीपाशी बसला. बसला तो बसला. मी भिंतीला पाठ लावून आत हाक मारली. सासू जागीच होती. बोलली, गप पड, जाईल तो. गेला पण, खोटं कशाला बोलू. उजाडल्यावर मी तशीच उठून माहेरी गेले, पायी. बापूस ओटीवर बसलेला. सगळं ऐकून घेतलान. आवशीने जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर त्याने चपला घातलान आणि मला परत आणून सोडलान. वाटेत बोलला, दिली ती दिली."

नम्रताने गजांतून तुळशीकडे बघितलं.

"वाईट नव्हता हो बापूस," तुळसाबाई म्हणाल्या. "लग्नाआधी मुद्दाम येऊन घर बघून गेलेला. विहीर बघितलान, गोठा बघितलान, माणसं कशी, जमीन कुठली, सगळं विचारलान. तू विचारतेस तसंच. ही झोपणार कुठे, तेवढं विचारायचं राहिलं."

त्या पुन्हा तांदळाला लागल्या. नम्रताला वाईट वाटलं आणि संताप आला. कोणाचा, ते ठरवता येईना. बाप गेला होता, सासू गेली होती, आणि ज्या बाईने रागवायचं तीच समोर बसून खडे वेचत होती. नम्रताने कागद गुडघ्यावर सरळ केला, उगीचच दोनदा केला, आणि रोजचं बोलायचं ते बोलू लागली. हे शेवटचं वाक्य ती प्रत्येक घरात म्हणत असे. इतक्यांदा म्हटलेलं, की म्हणताना तिचं लक्षही नसायचं.

"सही इथे करायची, काकी. आणि एक शेवटचं. तुम्हाला जमलं नाही, तुम्ही आजारी पडलात, किंवा हिला इथे बरं वाटत नाही असं दिसलं, काहीही झालं तरी मला फोन करायचा. मी येऊन हिला परत घेऊन जाईन. कारण विचारणार नाही."

तुळसाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"किती दिवसांत?"

"दिवसांचं काही नाही. कधीही."

"दहा वर्सांनी पण?"

"दहा वर्षांनी पण."

नम्रताने पेन पुढे केलं. तुळसाबाईंनी ते घेतलं नाही. त्या जमिनीला हात टेकून उठल्या, खाटेपाशी गेल्या आणि वाकळीचं टोक वर केलं. आत अंधारात दोन डोळे उघडले.

"ऐकलंस काय गो?" त्या म्हणाल्या. "कधीही, म्हणते ती."